एका सुपातली फुंकर

परवा बारावीच्या वर्गात फळ्यावर नाकाची आतली बाजू काढत होते. नाकपुडी, तिच्यातले केस, त्यामागचं ओलसर अस्तर. तेवढ्यात खिडकीतून आगटीचा वास आला. कॉलेजच्या मागं ज्वारीचं रान आहे, तिथं कुणीतरी गोवऱ्या पेटवून कणसं भाजायला घातली होती. सगळा वर्ग खिडकीकडं वळला. मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हुरडा!" मी खडू खाली ठेवला. अशा वेळी शिकवत राहण्यात अर्थ नसतो. शिवाय तो वास मलाही घ्यायचा होता.

परतूरला थंडी फार दिवस मुक्काम करत नाही. मोंढ्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या येत असतात, सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या रस्त्याला बाभळीच्या काट्यांवर कापसाचे पुंजके अडकलेले असतात. सकाळी माणसं मफलर सोडत नाहीत आणि दुपारी त्याच माणसांच्या कपाळावर घाम असतो. अशा हवेत ज्वारीच्या कणसात दूध भरतं. दाणा हिरवा, बोटात दाबला तर पिठूळ नाही आणि पाणीदारही नाही, मधलाच कुठलातरी. ही अवस्था थोडेच दिवस टिकते. मग दाणा घट्ट होतो आणि हुरड्याची ज्वारी होते. म्हणून आमच्याकडं हुरड्याचं बोलावणं आलं की 'बघू, जमवू' असं कुणी म्हणत नाही. चपला पायात घालूनच उत्तर देतात.

ज्या वर्षाची ही आठवण, त्या वर्षीचं बोलावणं शेजारच्या प्रेमाभाभींचं होतं. करोनाची दुसरी लाट येऊन, नको ते सगळं करून निघून गेली होती. तिसरी येणार, येणार असं टीव्हीवर चाललं होतं. पण माणसं एकमेकांच्या घरी जायला इतकी आसुसली होती की दारावर नुसती थाप पडली तरी आनंद व्हायचा.

भाभींचं घर आमच्या घराला लागूनच. त्यांचे आजेसासरे राजस्थानातून आले आणि परतूरच्या कापसात रुजले. भाभी घरात मारवाडी बोलतात, गल्लीत आमच्यासारखीच मराठवाडी मराठी, आणि राग किंवा आनंद अनावर झाला की हिंदी. त्यांचे यजमान, ज्यांना सगळं गाव शेटजी म्हणतं, ते कापसाचे व्यापारी. बोलणं कमी, करणं जास्त. त्या दिवसांत त्यांची सहा वर्षांची नात पिहू हैदराबादहून आजीकडं राहायला आली होती. आमच्या घरात मी आणि माझे वडील, अण्णा. मी लग्न केलं नाही. त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती काही दुःखाची नाही. अण्णा मंठ्याच्या तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण त्यांच्या बोलण्यातून कार्यालय काही निवृत्त झालं नाही. सकाळी उठले की म्हणणार, "सुधा, चहाचा प्रस्ताव सादर कर."

शेटजींचं रान मंठा रस्त्यावर आहे. आम्ही गेलो तेव्हा उन्हं अजून कोवळी होती. अण्णा खड्ड्यातल्या आगटीपाशी बसले आणि तिथून हलले नाहीत. कणसं कधी फिरवायची, कधी काढायची, हे खातं त्यांनी स्वतःकडं ठेवलं. गरम कणीस हातावर घेऊन चोळायचं काम भाभींचं. त्यांचे तळहात लाल झाले होते आणि त्या हसत होत्या. दाण्यांबरोबर भूस येतं, ते उडवायला सूप धरून फुंकर मारायची. पिहूला हे काम फार आवडलं. गाल फुगवून ती अशी फुंकायची की भुसाबरोबर दाणेही मातीत जायचे. मग तिला दाखवायला मी फुंकर मारली. मला दाखवायला अण्णांनी मारली, अण्णांना दाखवायला भाभींनी. शेवटी शेटजीसुद्धा चष्मा कपाळावर चढवून वाकले. पाच माणसं, एक सूप. वर शेंगदाण्याची चटणी, भाभींसाठी बिनलसणाची वेगळी, गूळ, घट्ट दही, आणि त्या गरम दाण्यांचा तो हिरवा, किंचित धुरकट गोडवा.

त्या पाच फुंकरींतल्या कुणाच्या फुंकरीत विषाणू होता, हे आम्हाला कधी कळलं नाही. शोधायच्या भानगडीतही कुणी पडलं नाही.

सगळ्यात आधी पिहू तापली. संध्याकाळी अंग गरम, डोळे लाल, दोनदा शिंकली आणि आजीच्या मांडीवर झोपून गेली. दुसऱ्या दिवशी उठून गच्चीवर दोरीच्या उड्या मारत होती. मग माझा घसा धरला. भाभींचं अंग दुखायला लागलं, शेटजींचं नाक वाहायला लागलं. ग्रामीण रुग्णालयात जाऊन सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली. दोन्ही घरांतले सगळे बाधित निघाले. अण्णाही. गंमत म्हणजे अण्णांना काहीच होत नव्हतं.

"सगळे जण बाधित न्हाईत का?" भाभी फोनवर म्हणाल्या. "मंग आता कुणी कुणापासून दूर बसायचं? या गच्चीवर."

खरंच होतं. आमच्या दोन्ही गच्च्यांच्या मध्ये गुडघ्याएवढा कठडा आहे. खाली रस्त्यावर उतरायला बंदी, पण वर आम्ही एकाच आजाराचे भागीदार होतो. त्या कठड्यावरून सतरंज्या इकडच्या तिकडं झाल्या. माझ्या आयुष्यातल्या सुंदर सुट्ट्यांमध्ये मी ते दिवस धरते. सकाळचं ऊन पाठीवर घेत आम्ही रजया पांघरून बसायचो. भाभी बाजरीचं पीठ ताकात शिजवून राब करायच्या. ती गरम-गरम, थोडी आंबट, जिरं घातलेली राब घशातून उतरली की वाटायचं, आजारी पडावं तर असं. त्यांच्याकडं सूर्यास्ताआधी जेवायची पद्धत. आमचीही जेवणं त्याच वेळेला व्हायला लागली. पश्चिमेला स्टेशनच्या बाजूला आभाळ केशरी झालेलं, एखादी गाडी शिट्टी देत परभणीकडं निघालेली, आणि आम्ही पाच जण ताटं मांडीवर घेऊन खिचडी खाऊन राह्यलेलो.

अशाच एका सकाळी भाभी कण्हत उठून बसल्या. रजईतून फक्त चेहरा बाहेर.

"मॅडम, तुम्ही हे सगळं शिकवता ना पोरांना. मला सांगा बरं, हे आत नेमकं काय होऊन राह्यलं?"

मला शिक्षकाचा ज्वर तापापेक्षा लवकर चढतो. मी सांगायला लागले. नाकाच्या अस्तरावर चिकट शेंबूड असतो, त्याखाली बारीक केस सारखे हलत असतात. आलेली धूळ, आलेले जंतू त्या शेंबडात अडकतात आणि बाहेर ढकलले जातात. त्यातून निसटलेला एखादा विषाणू अस्तराच्या पेशीत शिरतो आणि तिथलंच सामान वापरून स्वतःच्या नकला काढायला लागतो.

"पण त्या पेशीला कळतं, भाभी. तिच्याकडं ओळखायची यंत्रणा असते. हे लिखाण आपलं न्हाई, परकं आहे, असं तिला समजलं की ती एक रसायन बाहेर सोडते. इंटरफेरॉन म्हणतात त्याला. ते शेजारच्या पेशींपर्यंत जातं. मंग त्या शेजारच्या पेशी आपली दारं-खिडक्या आधीच बंद करून घेतात, म्हणजे विषाणू आत आला तरी त्याला नकला काढता येऊ नयेत."

"शेजारणीला हाक मारल्यासारखं."

"बराबर. आणि त्याच हाकेवर रक्तातल्या पेशीही धावून येतात. कुणी विषाणूला गिळून टाकतं, कुणी बिघडलेली पेशीच मारून टाकतं. ही झाली जन्मजात फौज. आईच्या पोटातून घेऊन आलेली. तिला आधी कुणी शत्रूचा फोटो दाखवावा लागत न्हाई. नेम धरून मारणारी दुसरी फौज असते, लस देऊन आपण तिलाच शिकवतो. पण नवीन शत्रू असेल तर तिला तयार व्हायला वेळ लागतो. तोवर सगळं या पहिल्या फौजेवर."

"आणि हे अंग दुखून राह्यलं ते? ताप?"

"ते विषाणू थेट करत न्हाई. तुमचं शरीरच मुद्दाम ताप चढवतं. गरमीत विषाणूला काम जड जातं आणि आपल्या पेशी चपळ होतात. अंग दुखतं तेही बरंचसं त्या हाका मारणाऱ्या रसायनांमुळं."

भाभींनी रजई बाजूला टाकली. त्या आठवड्यात एवढ्या झटक्यात भाभी उठल्या नव्हत्या.

"म्हणजे हे दुखून राह्यलं ते माझेच लोक काम करून राह्यलेत म्हणून?"

"बिलकुल."

त्या जिन्यापाशी गेल्या आणि खाली ओरडल्या, "ओ पिहूके दादाजी, सुना क्या! हमारे लोग काम कर रहे हैं!" शेटजींना काही कळलं नाही. त्यांनी खालून विचारलं, "कौनसे लोग? जिनिंग तो आज बंद है।" त्या दिवशी भाभींनी जालन्याच्या बहिणीला, हैदराबादच्या मुलाला आणि समोरच्या गल्लीतल्या तीन घरांना फोन करून आपल्या आतल्या लोकांची बातमी दिली. दुखणं तेवढंच होतं, पण त्या दिवसापासून त्या कण्हल्या नाहीत. ठणका लागला की म्हणायच्या, "चालू द्या, चालू द्या."

पिहूचा प्रश्न वेगळा होता. "मी सगळ्यात जल्दी कशी बरी झाले?" मी तिला सांगितलं की लहान मुलांच्या नाकातल्या पेशी आधीपासूनच जाग्या असतात, मोठ्या माणसांच्या पेशी विषाणू आल्यावर हाक मारायला उठतात, मुलांच्या तर तोंड उघडूनच बसलेल्या असतात. तिनं आजोबांची टॉर्च घेतली, आरसा कठड्यावर ठेवला आणि बराच वेळ नाकपुडीत बघत बसली. "दिसत न्हाईत," ती म्हणाली, "पण आहेत."

हे सगळं ऐकत अण्णा खुर्चीत बसलेले असायचे. त्यांना ना ताप, ना शिंक. "माझ्याकडं विषाणूनं अर्ज केल्ता," ते म्हणायचे. "मी नामंजूर केला." सगळे हसायचे. मीही हसायचे. पण आतून मला ते हसू पुरत नव्हतं.

कारण जे मी भाभींना सांगितलं, त्याची दुसरी बाजू मला माहीत होती. वय वाढलं की ती हाक उशिरा जाते आणि हळू जाते. त्यातून हा विषाणू धूर्त. पेशीची हाक दाबून टाकायच्या युक्त्या त्याच्याजवळ आहेत. म्हातारपणी काही होत नाही म्हणजे कधी कधी शरीर जिंकलेलं असतं, बहुतेकांचं तसंच असतं. पण कधी कधी शरीराला अजून पत्ताच लागलेला नसतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. अण्णांनी लशीचा पहिला डोस घेतला होता, ताप आला म्हणून दुसरा टाळला होता. 'तो ताप म्हणजे लस काम करत होती,' असं मी किती वेळा सांगितलं. त्यांनी तो विषय प्रलंबित ठेवला होता. म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ मी त्यांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायचे, आणि ते म्हणायचे, "तपासणी पथक आलं."

एक दिवस शेटजी हातात गोळ्यांचं पाकीट घेऊन कठड्यापाशी आले. जालन्याच्या त्यांच्या एका व्यापारी मित्रानं पाठवलं होतं. "सगळे हेच घेऊन राह्यलेत, मॅडम. अण्णाजींना सुरू करा. उगं वाट कशाला बघायची?"

मी पाकीट उघडून पाहिलं. ताकदीच्या गोळ्या, आम्लपित्ताची गोळी, आणि त्यातच एक छोटी पांढरी गोळी. तिचं नाव वाचलं आणि पाकीट बंद केलं. ते स्टेरॉइड होतं.

"शेटजी, ही आत्ता द्यायची न्हाई. ही गोळी त्या पहिल्या फौजेचे हात बांधते. विषाणू वाढत असताना त्यांचे हात बांधले तर लढणार कोण?"

शेटजींनी पाकिटाकडं पाहिलं. मग त्यांच्या मानानं बरंच बोलले. "तुम्ही शिकलेल्या आहात. पण मॅडम, माणूस आपला आहे."

"आपला आहे म्हणूनच."

ते दुखावले असावेत. पाकीट परत घेऊन खाली गेले. अण्णा खुर्चीतून म्हणाले, "दोन्ही पक्षांचं म्हणणं ऐकलं. आदेश राखून ठेवला."

मग संक्रांत आली. सकाळपासून आभाळात पतंगच पतंग. भाभी, शेटजी आणि मी बरे झालो होतो, नुसता थकवा होता. भाभींनी तिळाचे लाडू वळले. अण्णांनी डोक्याला रुमाल बांधला, पिहूच्या हातात चक्री दिली आणि पतंग वर घातला. पतंगाच्या बाबतीत अण्णा कुणाचे वडील नसतात, कुणाचे आजोबा नसतात. त्यांनी स्टेशनकडच्या गच्चीवरचा एक निळा पतंग काटला. पिहू किंचाळली. आणि त्यानंतर अण्णांनी मांजा पिहूच्या हातात दिला आणि खुर्चीत जाऊन बसले.

आभाळात असलेला पतंग अण्णांनी दुसऱ्याच्या हातात दिलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"काय झालं अण्णा?"

"काही न्हाई. पिहू शिकू दे."

मी यंत्र लावलं. आकडा खाली होता. म्हटलं, जरा गच्चीच्या त्या टोकापर्यंत जाऊन या. ते गेले, आले. आकडा आणखी उतरला. ते मात्र आरामात होते. "मला दम लागलाय का? सांग. यंत्र बिघडलंय तुझं." भाभींच्या बोटाला लावून बघितलं, यंत्र ठीक होतं. या आजारात हेच वाईट असतं. रक्तातला प्राणवायू उतरत जातो आणि माणसाला वाटतं, आपण मजेत आहोत.

"अण्णा, आत्ता जालन्याला निघायचं."

"सणासुदीचं? उद्या बघू."

मी विनवलं, रागावले. काही उपयोग नाही. तेव्हा भाभी त्यांच्यासमोर सतरंजीवर येऊन बसल्या. लाडवाचे तीळ हाताला तसेच चिकटलेले.

"अण्णाजी, तुम्ही तहसीलमधे होता. एखाद्या फायलीवर 'तातडीचे' असं लिहून आलं आणि तुम्ही ती उद्यावर टाकली, तर मंग काय व्हायचं?"

अण्णांनी विचार केला. खरंच विचार केला. "कारणे दाखवा नोटीस यायची."

"कारण आहे का तुमच्याजवळ?"

"न्हाई."

"मंग चला. पिहूचे दादाजी गाडी काढून राह्यलेत."

अण्णा उठले, कोट घातला, दोन लाडू खिशात टाकले आणि जिना उतरले. पिहू वरून ओरडत होती की पतंग अजून वर आहे.

जालन्याच्या दवाखान्यात त्यांना लगेच ऑक्सिजन लावला. तपासणाऱ्या डॉक्टर तरुण होत्या, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण आवाज शांत. मी त्यांना सगळं सांगितलं आणि मग जे मनात रुतून बसलं होतं ते विचारलं. पाकीट परत पाठवलं, चुकलं का माझं?

"तेव्हा दिलं नाही हे चांगलं केलंत," त्या म्हणाल्या. "ते आज द्यायचं आहे. आता बहुधा विषाणू थोडाच उरलाय. पण तुमच्या वडिलांच्या शरीराला उशिरा जाग आली आणि आता ते फार जोरात लढतंय. फुप्फुसाचं नुकसान त्या लढाईनंच होतंय. आता ती थोडी शांत करायची. तीच गोळी, पण वेळ बदलली."

मी बाहेर येऊन शेटजींना हे सांगितलं. ते गाडीला टेकून उभे होते. "म्हणजे गोळी बराबर होती," ते म्हणाले. "वेळ चुकीची होती." "हो," मी म्हणाले. "आमच्या धंद्यातबी असंच असतं," ते म्हणाले, आणि आमच्यातलं अवघडलेपण तिथंच संपलं.

आत जायला परवानगी नव्हती. अण्णा फोन करायचे. मास्कमधून आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. पहिल्या दिवशी डाळ बेचव असल्याची तक्रार. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांची जमिनीची अडचण आणि तिच्यावर अण्णांचा सल्ला. मग एक दिवस फोन आलाच नाही. मी केला तर उचलला नाही. वॉर्डातून कुणी काही नीट सांगेना. मी दवाखान्याच्या आवारात, कडुलिंबाखालच्या बाकावर बसून होते. भाभी राबेचा डबा घेऊन आल्या होत्या. तो तसाच.

"मला त्यांचा राग येऊन राह्यलाय, भाभी," मी म्हणाले. "ज्यांचं मी तुमच्याजवळ एवढं कौतुक केलं ना, त्या पेशींचा. अण्णांच्याच छातीत बसून अण्णांनाच जाळतायत."

भाभींनी डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "रागवू नका त्यांच्यावर. बिचाऱ्या झोपल्या होत्या. उठल्या तर घराला आग लागलेली. मंग काय, पळत सुटल्या पाणी घेऊन. त्या गडबडीत भांडी फुटली, भिंत पडली. पण घर वाचवायलाच पळाल्या ना?"

मी वीस वर्षं हा पाठ शिकवते आहे. इतक्या मायेनं मी तो कधी शिकवला नव्हता. मला रडू आलं. भाभींनी ते येऊ दिलं, आणि मग डबा माझ्या हातात दिला.

दुपारी फोन वाजला.

"कुठं होता तुम्ही?" मी ओरडलेच.

"झोपलो होतो," विहिरीतून आवाज आला. "किती दिवसांनी गाढ झोप लागली. झोपायला पूर्वपरवानगी लागते का?"

भाभी बाजूला होत्या. मी फोन कानाला लावून नुसती हसत होते. आवारातली माणसं बघत होती, दवाखान्यात एवढं हसणारी बाई कोण म्हणून. त्या झोपेनंतर ऑक्सिजनची धार कमी होत गेली. मास्क गेला, नाकाला नळी आली. मग तीही गेली.

आता एवढ्या वर्षांनी अण्णांना त्या दिवसांबद्दल विचारलं तर ते म्हणतात, "जालन्याला विश्रांतीसाठी गेल्तो." दुसरा डोस त्यांनी नंतर स्वतः जाऊन घेतला, ताप आला तेव्हा गल्लीत सांगत सुटले, "काम चालू आहे." पिहू हैदराबादला मोठ्या वर्गात गेली. सर्दी झाली की मला फोन करते आणि आतल्या लोकांचे हालहवाल सांगते. विसराळूपणा ही काही वाईट गोष्ट नाही, असं मला अलीकडं वाटतं. ती जन्मजात फौज तरी कुठं फार लक्षात ठेवते? कोण आला होता, कुणी किती मार खाल्ला, कोण उशिरा उठलं, असला हिशेब तिला बहुतेक लागतच नाही. सकाळी आपण पहिला श्वास घेतो तेव्हा ती परत नाकाच्या दारात उभी असते, पहिल्याच दिवसासारखी. लक्षात ठेवायचं काम आपलं. म्हणून वर्गात आगटीचा वास आला की मी खडू खाली ठेवते.

अण्णांना घरी आणलं तो दिवस मला सगळ्यात स्पष्ट आठवतो. शेटजी गाडी चालवत होते, भाभी पुढं, मी आणि अण्णा मागं. ते बरेच वाळले होते, कोट खांद्यावर लोंबत होता. खिडकीची काच त्यांनी पूर्ण खाली घेतली होती आणि तोंडावर वारा घेत बसले होते. वाटूर फाट्याच्या अलीकडं रस्त्याला लागून हरभऱ्याचं रान होतं. घाटे नुकते भरलेले.

"शेटजी, गाडी थांबवा," अण्णा म्हणाले.

ते उतरले. मी हात धरायला गेले तर त्यांनी हात मागं केला. रस्ता ओलांडून, चर ओलांडून, ते बांधावर चढले. मधे एकदा थांबले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले, परत निघाले. मी चार पावलं मागं होते आणि त्यांच्या श्वासाचा आवाज मोजत होते. रानात एक बाई गवत काढत होती. ती उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून बघायला लागली.

"कोण पाहिजे, बाबा?"

"हरभऱ्याचे डहाळे पाहिजेत. थोडेसे."

"घ्या की. रानभर हायत." ती जवळ आली आणि तिनं अण्णांकडं नीट पाहिलं. छाती वर-खाली होत होती, गळ्याची हाडं दिसत होती. "दम लागून राह्यला तुमाला. आजारी हाव का?"

अण्णांनी श्वास पूर्ण आत घेतला. मग सोडला. घाई केली नाही.

"होतो," ते म्हणाले.

बाईनं ओंजळभर घाट्यांची चार झाडं उपटली, मुळाची माती झटकली आणि त्यांच्या हातात दिली. ते तिथंच बांधावर बसले. पानांवरची आंब बोटांना लागली ती त्यांनी चाटली, आणि आंबट झाल्यासारखा एक डोळा मिटला. पहिला घाटा सोलून तोंडात टाकला. दुसरा सोलला, आणि माझ्याकडं न बघता त्यातला हिरवा दाणा माझ्या तळहातावर ठेवला.